फक्त तिघंच वाचतील

१४ सप्टेंबर

छकुले,

तू लिहू नकोस म्हणाली होतीस, तरी लिहिते आहे. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तीन दिवस तिच्या मागे लागले होते. फोन मात्र मी करणार नाही. फोनवर बोलताना तुला किती त्रास होतो ते मला ठाऊक आहे. पलीकडे मी असले की तो त्रास वाढतो, हेही ठाऊक आहे.

तू रोपवाटिकेत काम करतेस एवढं कळलं. बरं वाटलं. खरं तर बरं नाही वाटलं, पण पत्रात हात आपोआप तसं लिहून जातो.

इथे काहीच बदललेलं नाही. शाळेतली माझी खोली तीच, जिन्याखालची, पूर्वी खेळाचं सामान असायचं ती. तेवीस वर्षं झाली तरी भिंतींना रबरी चेंडूंचा वास आहे. यंदा शेवटच्या वर्गात एक्केचाळीस मुलं आहेत. पहिल्या आठवड्यात मी त्यांना नेहमीचा कागद दिला: काय आवडतं, काय जमतं, शिकायला घरापासून किती लांब जायची तयारी आहे. शेवटच्या प्रश्नापुढे निम्म्या जणांनी ‘आईला विचारून सांगतो’ असं लिहिलंय. एकाने ‘कुठेही, पण गणित नको’ असं लिहिलं. एका मुलीचा कागद तिच्या वडिलांनीच भरून आणला. मी वाचत होते तेव्हा ती शेजारच्या खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत होती.

आणि एक आहे, तिला सगळे टाचणी म्हणतात. बारीक आहे आणि टोचते. वडील लिफ्ट दुरुस्त करतात, आई इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. तिने कागदावर एकच शब्द लिहिला होता: दगड.

मी म्हटलं, “दगड म्हणजे?”

“म्हणजे दगड, बाई. ते कसे झाले, कधी झाले, आत काय आहे. त्याचं कॉलेज असतं ना?”

असतं. भूगर्भशास्त्राचं, समुद्राच्या बाजूला, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. वर्षाला तीस मुलं घेतात. प्रवेशासाठी गुण लागतात, शिक्षकांची शिफारस लागते आणि विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेलं दोन पानी निवेदन लागतं. गुण तिला आहेत. शिफारस मी लिहीन. निवेदनाचा पहिला मसुदा तिने दुसऱ्याच दिवशी आणला. त्याची सुरुवात अशी: ‘मला दगड आवडतात. दगड बोलत नाहीत. बोलणाऱ्यांचा मला कंटाळा आहे.’

मी पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले. मग तिला म्हटलं, हे चालायचं नाही. ती समिती रोज पन्नास निवेदनं वाचते. त्यात तुझ्या बाबतीत काहीतरी घडलेलं दिसलं पाहिजे.

ती म्हणाली, “माझ्या बाबतीत काही घडलेलं नाही.”

मुख्याध्यापक परवा व्हरांड्यात उभे होते, फोटोंच्या भिंतीसमोर. चांगल्या कॉलेजात गेलेल्या मुलांचे फोटो. म्हणाले, “बाई, या भिंतीवर सहा वर्षांत नवीन खिळा ठोकला गेला नाही.” शेवटचा फोटो तुझा आहे. मी तो काढू दिलेला नाही. तू परत आलीस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, तिथली हवा तिला मानवली नाही. तेच अजून सांगते.

तब्येत सांभाळ.

आई


९ ऑक्टोबर

छकुले,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होते. होती.

टाचणीला मी तीन वेळा बोलावलं. शाळा सुटल्यावर, अर्धा-अर्धा तास. पहिल्या दोन वेळा ती दगडांबद्दलच बोलली. तिसऱ्या वेळी मी विचारलं, “तुला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?” आणि गप्प बसले. आपण गप्प बसलं की मुलं बोलतात. शांतता त्यांना सोसत नाही. नोकरीत एवढी एक विद्या मी शिकले.

ती बोलली.

चार वर्षांपूर्वी बाजाराजवळच्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून कोसळली होती, तुला वाचल्याचं आठवत असेल. आत एकच बाई होती, दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं नोंदवणारी. दोन्ही पाय आणि कंबर मोडली. चौकशी झाली. महिन्याच्या तपासणीचा कागद अपघाताच्या दोनच दिवस आधी सही होऊन लागलेला होता, त्यामुळे दोष कुणाचाच निघाला नाही. सही टाचणीच्या वडिलांची होती.

“ते गेलेच नव्हते, बाई,” ती म्हणाली. “त्या दिवशी मला ताप होता. खूप. आईची कामाची पाळी होती म्हणून बाबा घरी थांबले. दिवसभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. संध्याकाळी माझ्या पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी चार कागदांवर सह्या केल्या. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाले, तुझ्यासारखाच अभ्यास.”

“हे तू कुणाला सांगितलंस?”

“आत्ता तुम्हाला.”

“घरी?”

“घरी आम्ही त्याबद्दल बोलत नाही. बाबा लिफ्टमध्ये चढत नाहीत आता. दुरुस्त करतात, पण जिन्याने खाली येतात.”

छकुले, तुला माझी लाज वाटेल, पण सांगते. ती बोलत होती, तिचे हात गुडघ्यांत दाबलेले होते, आणि माझ्या डोक्यात एकच विचार चालला होता: हेच ते. हेच निवेदन.

मी तिला तसं म्हटलं. ती उठून उभी राहिली. “नको, बाई. ते बाबांचं आहे.”

मी समजावलं. मला समजावता येतं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हटलं, हे लिहिणं म्हणजे वडिलांची चहाडी नव्हे. तुझ्या मनावरचं ओझं आहे, ते तू प्रामाणिकपणे उतरवते आहेस. नावं लिहायची नाहीत. आणि वाचणार कोण? समितीतली तीन माणसं, दोन दिवसांच्या प्रवासावरची. फक्त तिघंच वाचतील, आणि वाचून कपाटात ठेवतील.

“नक्की तिघंच?”

“नक्की.”

ती पिशवी घेऊन गेली. दाराशी थांबून म्हणाली, “विचार करते.”

आई


३ नोव्हेंबर

छकुले,

टाचणीचं निवेदन काल पाठवलं. तिने ते चार वेळा लिहिलं. मी फार हात लावला नाही. शेवटी एक वाक्य घातलं: ‘वरून सगळं शाबूत दिसतं तेव्हा आतली भेग कशी ओळखायची, हे मला शिकायचं आहे.’ ते वाचून ती म्हणाली, “हे माझ्यासारखं वाटत नाही.” मी म्हटलं, “हे तुझंच आहे, फक्त तुला अजून सुचलेलं नव्हतं.” तिला ते पटलं की ती दमली होती, सांगता येत नाही. तिने सही केली.

बाकी चाळीस जणांची कामं चालू आहेत. ‘गणित नको’ म्हणणाऱ्याला मी पाककलेच्या शाळेत घेऊन गेले. तिथे पहिल्याच तासाला वजनं-मापं. परत येताना बसमध्ये तो माझ्याशी बोलला नाही.

तिकडे थंडी पडली असेल. उघड्यावर काम करतेस तर कान झाकून जात जा.

आई


२० फेब्रुवारी

छकुले,

टाचणीला प्रवेश मिळाला! आणि सगळी फी माफ, वसतिगृहासकट. पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मी तिला वर्गातून बोलावून घेतलं. तिने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्याकडे देऊन म्हणाली, “तुम्ही वाचा, मोठ्याने.” मी वाचलं. समितीने खास लिहिलं होतं की इतकं निर्भीड निवेदन त्यांनी बऱ्याच वर्षांत वाचलं नाही.

तिचे वडील संध्याकाळी भेटायला आले. अंगावर कामाचा निळा डगला, नखांत वंगण. हात पुढे करावा की जोडावा हे न कळून त्यांनी दोन्ही अर्धवट केलं. म्हणाले, “बाई, आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नाही. तुम्ही काय जादू केलीत?” मी म्हटलं, “जादू कसली, सगळं तिचंच आहे.” टाचणी जमिनीकडे बघत होती.

मुख्याध्यापकांनी फोटो काढून घेतला. खिळा ठोकला.

७ मार्च

हे पत्र तसंच राहिलं होतं. पाठवलं नाही ते बरं झालं, आता पुढचं लिहिते.

परवा टाचणीच्या वडिलांना लिफ्ट सुरक्षा कार्यालयाची नोटीस आली. चार वर्षांपूर्वीच्या अपघाताची चौकशी पुन्हा उघडली आहे. ‘नव्याने मिळालेल्या माहितीवरून’. ही माहिती त्या कॉलेजनेच कळवली. त्यांचा तसा नियम आहे म्हणे: निवेदनात कुणाला इजा झाल्याचा उल्लेख असेल तर संबंधित कार्यालयाला कळवायचं. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. आता ते मागचं पान कोण वाचतं? तूच सांग.

ती दोन दिवस शाळेत आली नाही.

आई


१९ मार्च

छकुले,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. ‘मी लिहू नकोस म्हटलं होतं. अजूनही तेच म्हणते. पण त्या मुलीचं काय झालं ते कळव.’

तुझं अक्षर बदललंय. आधी उभं होतं, आता डावीकडे कललंय. मी ते पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू विचारलंस तेवढंच लिहिते.

टाचणी सोमवारी आली. बसली नाही. तिने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. पहिला तिने कॉलेजला पाठवलेल्या पत्राची प्रत: ‘निवेदनात लिहिलेला प्रसंग खरा नाही. प्रवेश मिळावा म्हणून मार्गदर्शक बाईंच्या सांगण्यावरून मी तो रचला.’ दुसरा कागद कॉलेजचं उत्तर. खोटी माहिती दिल्यामुळे प्रवेश रद्द.

मी म्हटलं, “अगं, हे काय करून बसलीस? मला विचारायचं तरी.”

“तुम्हाला विचारलं होतं, बाई. नक्की तिघंच का, म्हणून.”

मी ते दोन्ही कागद एकावर एक ठेवले.

“बाबांनी मला एक शब्द विचारला नाही,” ती म्हणाली. “नोटीस वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. आई विचारते, कार्यालयाला कसं कळलं? बाबा म्हणतात, कुणास ठाऊक. माझ्याकडे बघतपण नाहीत. त्यांना कळलंय.”

तिने सगळा विचार केला होता. चार एप्रिलला सुनावणी आहे. पुरावा म्हणून कार्यालयाकडे फक्त ते निवेदन आहे. ते रचलेलं होतं असं ठरलं की हाती काहीच उरत नाही. ती तसं सांगणार. आणि मीही तसंच सांगायचं.

“तुम्ही एवढंच म्हणायचं, की मी हिला रचून लिहायला सांगितलं. बस्स. मग बाबा सुटतील.”

“आणि तुझं कॉलेज?”

“ते गेलं ना आता.”

“आणि ती बाई? पाय मोडलेली?”

तेव्हा ती बसली. तिचा चेहरा इतका लहान झाला, छकुले. म्हणाली, “तिचं मला रोज आठवतं. तुम्ही नका आठवण करून देऊ.”

मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिने सांगितलेलं मी केलं तर माझी नोकरी जाईल. हे तिच्या आधीच लक्षात आलं असणार. तरी ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला लाज वाटू नये म्हणून असेल.

आई


२ एप्रिल

छकुले,

परवा सुनावणी आहे. त्याआधी तुला काही सांगायचं आहे. हे तू विचारलेलं नाहीस, त्यामुळे नको असेल तर इथेच घडी घाल.

ते मागचं पान मी वाचलं होतं. बारीक अक्षरांतला नियम. सप्टेंबरातच वाचला होता, माहितीपत्रक आलं त्या दिवशी. माझं कामच ते आहे. मी स्वतःची समजूत घातली की असे नियम छापायचे म्हणून छापतात. त्या मुलीने ‘नक्की तिघंच?’ म्हणून विचारलं तेव्हा तो नियम मला शब्दन् शब्द आठवत होता.

आणि तुझ्याबद्दल. तुला तिथली हवा मानवली नाही असं मी सात-आठशे वेळा सांगितलं असेल. लोकांना, आणि पुढे पुढे स्वतःलाही.

तुझं निवेदन मी लिहिलं. तू लिहिलेलं मला साधं वाटलं. तू झाडांबद्दल लिहिलं होतंस. मी ते बाजूला ठेवून तुझ्या अडखळण्याबद्दल लिहिलं: लहानपणी वर्गात तुला कसं हसत, तू आरशासमोर कसा सराव केलास, आणि आता तू शंभर माणसांसमोर न अडखळता कशी बोलतेस. शेवटचा भाग शुद्ध खोटा होता. मला वाटलं, तिथे जाईपर्यंत होईल खरा.

मी ते तुला वाचून दाखवलं. जेवणाच्या टेबलावर, दुपारी. तू दोनदा नको म्हणालीस. स्पष्ट म्हणालीस. मग मी अर्धा तास समजावलं आणि विचारलं, “मग पाठवू ना?” तिसऱ्यांदा तुला नको म्हणायचं होतं. तुझी जीभ ‘न’ला अडकली. तुझे डोळे मिटले, मान ताठ झाली. मला दिसत होतं. मी नेहमी थांबायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाट पाहा, शब्द पुरा करू द्या. त्या दिवशी मी थांबले नाही. “चल, ठरलं तर,” म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

पुढचं तूच मला सांगितलंस, परत आल्यावर, कागदावर लिहून. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी तुला सभागृहात उभं केलं आणि तुझंच निवेदन सगळ्यांना वाचून दाखवायला सांगितलं. तू ‘मी’वर अडकलीस. चार मिनिटं. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुला बसता यावं म्हणून. त्यानंतर तू दीड वर्ष तिथे कुणाशी बोलली नाहीस. तो कागद वाचून मी तुला म्हणाले होते, “एवढ्यासाठी कुणी कॉलेज सोडतं का?”

माफी मागत नाही. मागितली तर तुला परत काहीतरी द्यावं लागेल.

परवाचं मी ठरवलं आहे. टाचणीने सांगितलं तसंच म्हणेन. खोटं आहे, पण निदान या वेळी ते माझ्या नावावर असेल. नोकरी जाऊ दे.

आई


५ एप्रिल

छकुले,

कालचं सांगते. झालं तसंच सांगते.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. लांब टेबल, पाण्याचे जग, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले लोखंडी नट. टेबलापलीकडे तिघं. मधल्या बाई इंजिनियर होत्या, वयस्कर, चष्मा गळ्यात दोरीला. अलीकडे टाचणी, तिचे आई-वडील आणि मी. माझ्या मागच्या रांगेत आमचे मुख्याध्यापक, शाळेच्या वतीने. भिंतीशी वॉकर घेऊन ती दातांच्या दवाखान्यातली बाई आणि तिचा नवरा. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. माझ्याच वयाची आहे.

टाचणीला आधी बोलावलं. तिने सगळं सांगितलं, न अडखळता, पाठ केल्यासारखं. ताप आलाच नव्हता. सह्यांचं तिने मनानेच घातलं. बाई म्हणाल्या काहीतरी घडलेलं लिही, म्हणून.

मग मला.

“हे निवेदन तुमच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं?”

“हो.”

“विद्यार्थिनी म्हणते, तुम्ही तिला रचून लिहायला सांगितलं. हे खरं आहे?”

मी तोंड उघडलं. टाचणी माझ्याकडे बघत होती. मागे मुख्याध्यापक खाकरले.

“मला नक्की आठवत नाही,” मी म्हणाले.

इंजिनियर बाईंनी चष्मा लावला. “काय आठवत नाही? तुम्ही रचायला सांगितलं ते, की तिने खरं म्हणून सांगितलं ते?”

“दोन्ही. एक्केचाळीस मुलं असतात हो.”

मला तुला असं लिहायला आवडेल की भिंतीशी बसलेल्या त्या बाईकडे पाहून माझ्याने खोटं बोलवेना. तसं नाही झालं. मी मागच्या खाकरण्याचा विचार केला. तेवीस वर्षांचा, निवृत्तीला राहिलेल्या सात वर्षांचा. दोनच दिवस आधी तुला एवढं लिहिलं, ते सगळं होतं डोक्यात, आणि तरी.

टाचणीने मान खाली घातली. तेवढ्यात तिचे वडील उठले.

“बस्स झालं,” ते म्हणाले. “मी गेलो नव्हतो. पोरीला ताप होता, मी घरी बसून चार सह्या केल्या. त्यातली एक त्या लिफ्टची. आधीच्या महिन्यात ब्रेकचा आवाज मी ऐकला होता, पुढच्या वेळी बघू म्हटलं होतं. हे सगळं असंच आहे. पोरगी आत्ता जे बोलली ते माझ्यासाठी बोलली. ते लिहून घेऊ नका.”

“ते लिहून झालं आहे,” इंजिनियर बाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता त्यांचा.

टाचणीची आई तोंडावर पदर दाबून बसली होती. टाचणी वडिलांची बाही ओढत होती, “बाबा, बसा. बाबा, बसा ना.” ते बसले नाहीत. ते भिंतीकडे वळून त्या बाईसमोर नुसते उभे राहिले.

ती बाईच बोलली. “चार वर्षं मला वाटत होतं, मीच दार ओढलं असणार. कंपनीचा माणूस इस्पितळात येऊन म्हणाला होता, दार ओढलं की असं होतं. मी ह्यांनाही तेच सांगत आले. माझीच चूक, माझीच घाई.” मग ती रडायला लागली आणि तिच्या नवऱ्याला कळेना, तिला धरावं की वॉकरला.

दुपारपर्यंत निकाल झाला. वडिलांचा परवाना गेला. प्रकरण आता कोर्टात जाईल, शिक्षा होईलच म्हणतात. टाचणीने चौकशीत खोटं सांगितलं याची नोंद झाली. ती लहान आहे म्हणून त्यावर कारवाई नाही, पण नोंद राहील. मी काहीच धड बोलले नाही, म्हणून माझी नोंद कुठेच नाही.

बाहेर व्हरांड्यात तिचे वडील माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवायलाच हवं होतं.

“बाई, तुम्ही वाईट केलंत असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “तिने लिहिलं ते खरंच होतं. फक्त ते मी सांगायचं होतं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “एक विचारू? हिला पुढच्या वर्षी परत फॉर्म भरता येईल ना? आता तर सगळं खरंच निघालं.”

ते फॉर्म मला पाठ आहेत. प्रत्येक कॉलेजच्या फॉर्मवर असतं: खोट्या माहितीमुळे आपला प्रवेश पूर्वी रद्द झाला आहे काय? तिला तिथे ‘हो’ लिहावं लागेल. आणि खुलासा म्हणून लिहायचं काय, तर खरं लिहिलं होतं, मग ते खोटं आहे असं खोटं लिहिलं. हे कुठल्याही समितीला दोन ओळींत समजावता येणार नाही. मी तेवीस वर्षं हेच काम करते, मला येणार नाही.

मी काय बोलावं ते जुळवत होते. टाचणीने त्यांच्या हातातली कागदांची पिशवी घेतली.

“बाबा, बाईंना कशाला विचारता?” ती म्हणाली. “त्यांना आठवत नाही.”

रागाने म्हणाली नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाली. आईला एका हाताने धरून ती त्यांना जिन्याकडे घेऊन गेली.

मुख्याध्यापकांनी मला गाडीतून शाळेत सोडलं. वाटेत ते म्हणाले, “तुम्ही छान सांभाळून घेतलंत.” माझ्या खोलीच्या दाराशी तीन मुलं आपापले मसुदे घेऊन उभी होती. पुढच्या वर्षीची. मी कुलूप काढलं आणि त्यांना आत घेतलं.

आई